पाण्यापेक्षा स्वस्त

२७ एप्रिल २०१६, बुधवार

टँकर आज पण आला नाही! चौथा दिवस. आणि मी परवा विमानात बसणार.

संघाने ही वही दिलीय. वर छापलंय – 'विदेश अभ्यास दौरा : टिपणे'. रोज काय पाहिलं ते लिहायचं आणि परत आल्यावर माणिकरावांना दाखवायचं. माणिकराव म्हणजे आमच्या दूध संघाचे विस्तार अधिकारी, दौऱ्याचे प्रमुख. मी ठरवलंय – वहीच्या पुढच्या पानांवर दूध, मागच्या पानांवर मी. मागून वही कोण उघडतंय!

गावातल्या महिला दूध संस्थेची मी सचिव. आठ वर्षं झाली. चांगल्या साली आमचं दोनशे चाळीस लिटर जायचं, आता साठ. निम्मी जनावरं छावणीत. अशात सचिव निघाली कुठं, तर परदेशात गाई बघायला! जिल्ह्यातल्या संस्थांच्या चिठ्ठ्या टाकल्या, त्यात माझं नाव निघालं. मी नकोच म्हणत होते. केशरबाई – ती संस्थेत दुधाची फॅट बघते, माझा उजवा हात – ती म्हणाली, "तू न्हाई गेलीस तर आपल्यातलं कोणीच कदी जाणार न्हाई. गप जा."

खरं टोचतंय ते वेगळंच. बाटलीचं काम अर्धवट टाकून चाललेय.

गावातलं देशी दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून आम्ही सह्या गोळा करून दिल्या. आता गावातल्या बायकांचं मतदान होणार. कागदावर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. सहा महिने दारोदार फिरलो आम्ही चौघी – मी, केशरबाई, बायनाबाई आणि आत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, पारूबाई. सत्तरी उलटली, गुडघे गेले, पण एक दार सोडलं नाही. स्वतःच्या लेकाविरुद्ध! कारण बन्सी (तोंडानं नाव घेत नाही, इथं लिहिते) रोज त्याच दुकानात असतो. अठरा वर्षं झाली.

तहसीलला जाऊन विचारून आले, तारीख कधी लागेल? म्हणाले, मेच्या शेवटी. मी दहा तारखेला परत. म्हणूनच हो म्हणाले.

२९ एप्रिल

मुंबईचं विमानतळ. चौदा बायका, चौदा पिशव्या, सगळ्यांच्या पिशव्यांत ठेचा!

३० एप्रिल, प्राग

उतरलो. थंडी! घरी बेचाळीस, इथं नऊ.

राहायला होस्टेल – एका खोलीत आठ पलंग, एकावर एक. संघाचं तिकीट आणि राहणं. जेवणाला रोजचे ठरलेले पैसे हातात देतात, त्यात दोन वेळचं भागवायचं. माणिकरावांनी आधीच बजावलंय, "ताई, स्वस्तातला दौरा हाय. चैन न्हाई."

माझ्या वरच्या पलंगावर शहजादी. उमापूरची, त्यांच्या संस्थेची सचिव. नवरा फळांचा गाडा लावतो. आल्या आल्या म्हणाली, "तू घोरतीस का?" मी म्हणाले, "माहीत न्हाई, सांगणारा शुद्धीत नसतो." ती आधी हसली, मग हसायची थांबली. समजलं तिला.

दुभाषी बाई इथलीच आहे, यित्का नावाची. हिंदी शिकलीय! आमच्यापेक्षा चांगली बोलते. तिनं सांगितलं, नळाचं पाणी बिनधास्त प्या.

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला. सोडला आणि नुसती बघत उभी राहिले. मग घाईघाईनं बंद केला, कुणी रागावेल म्हणून.

१ मे, रविवार

आज एक चमत्कारच!

दुपारी खाणावळीत बसलो. पाणी ठेवलंच नाही टेबलावर. मागितलं तर बाटली आणली, विकतची. यित्का म्हणाली, इथं पाणी फुकट देत नाहीत. आणि पाण्याला म्हणतात 'वोडा'! माणिकराव मोठ्यानं, "आयला, आपण उगंच येवढा पैसा घालतो त्या व्होडक्यावर!" सगळ्या हसल्या. मी नाही.

मग कार्ड वाचलं. पाण्याची बाटली एवढ्याला. बियरचा मोठा ग्लास त्याहून कमी!

दोनदा वाचलं. यित्काला विचारलं, छपाईची चूक तर नाही? ती म्हणाली, नाही दीदी, इथं असंच आहे.

माणिकरावांनी स्वतःला बियर मागवली. "पैसे वाचवायला घेतोय ताई, पाण्यापेक्षा स्वस्त हाय!" मग आमच्यातल्या तिघी-चौघींनी पण. बचत म्हणे! शहजादी कोरडा पाव आणि बटाटा खाऊन उठली. मी न्हाणीघरात जाऊन ओंजळीनं पाणी प्यायले आणि परत येऊन बसले.

मी दर पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणते. पाचव्या शीलाला – मद्यापासून दूर राहीन – माझा आवाज सगळ्यांत मोठा असतो. का, ते लोकांना माहितीय.

२ मे

सहकारी गोठा पाहिला. इथंही सहकारच, पण सहाशे गाई! पुढच्या पानांवर सगळे आकडे घेतलेत.

इथं एवढंच – एक गाय पाण्याच्या हौदावर उभी होती. हौद भरून वाहत होता. ती पीत नव्हती, नुसती नाक बुडवून खेळत होती.

मला आमची तांबी आठवली. मार्चमध्ये छावणीत सोडली तेव्हा तिनं मागं वळून पण बघितलं नाही. चारा दिसला तिला.

३ मे

फोन लावला केशरबाईला. टँकर आला का? आला, पण एकच, भांडणं झाली. दूध अठ्ठावन्न लिटर. आत्या बऱ्या. बन्सी? म्हणाली, "हाय तसाच."

संध्याकाळी शहजादीबरोबर नदीकाठी बसले. फुकट बसता येतं असं तेवढंच ठिकाण. आजूबाजूला सगळे पीत होते. म्हातारे, पोरी, बाबागाडीवाल्या आया. आणि कोणी पडलेलं नाही! कोणी ओरडत नाही, कोणाच्या बायकोला कोणी बोलवायला धावत नाही.

मी म्हणाले, "शहजादी, अठरा वर्षं मी त्या वासाशी भांडतेय. ओकारी काढली, कपडे धुतले, पंचायतीत भाषणं केली. पण ती चव कशी असती तेच मला माहीत न्हाई."

ती म्हणाली, "माहीत करून काय करनार?"

खरंच, काय करणार? पण डोक्यातून जात नाही. असं काय आहे त्यात, की माणूस घरापेक्षा तिकडं ओढला जातो? एकदा तरी कळायला नको का, मी कुणाशी भांडतेय?

४ मे, बुधवार

लिहू का नको. लिहिते. मागची पानं आहेत.

आज प्यायले.

दुपारची गोष्ट. मोठाल्या झाडांखाली लाकडी बाकडी, खिडकीतून आपणच घ्यायचं, म्हणून स्वस्त. सगळ्या दमलेल्या. कुणी मला आग्रह केला नाही, कुणी फसवलं नाही. हे नीट लिहून ठेवते. मी स्वतः उठले, खिडकीपाशी गेले, माझ्या जेवणाच्या पैशांतून पैसे दिले आणि यित्काकडून ऐकलेला शब्द म्हणाले – 'पिवो', म्हणजे बियर. बाईनं लहान ग्लास भरून दिला.

वर फेस होता. आत्ताच धार काढल्यासारखा.

शहजादी माझ्याकडं बघत होती. थांब म्हणाली नाही. मी डोळे मिटून घोट घेतला.

कडू! लिंबाचा पाला वाटून दिल्यासारखं कडू! मी तोंड वाकडं केलं. शहजादी म्हणाली, "कैसा है?" मी म्हणाले, "बाई गं, ह्याच्यासाठी? ह्या कडू पाण्यासाठी अठरा वर्षं?" आणि मला हसू फुटलं. थांबेचना! पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शहजादी पण हसायला लागली, तिचा तर ग्लास पण नव्हता हातात. माणिकराव पलीकडून ओरडले, "वा सिंधुताई! आता शोभता पाहुण्या!" आणि फोन धरून फोटो काढला.

पुढचं लिहायला अवघड जातंय.

मी ग्लास ठेवून द्यायला पाहिजे होता. नाही ठेवला. आणखी घोट घेतला, आणखी एक. अर्ध्यावर आले तेव्हा खांदे खाली आले. म्हणजे इतकी वर्षं मी ते वर धरले होते हे तेव्हा कळलं. टँकर, दूध, तांबी, बन्सी – सगळं होतंच, पण जरा लांब गेलं. पाच मिनिटं. दहा असतील.

ते खोटं नव्हतं. तेच तर वाईट.

सगळा ग्लास संपवला.

५ मे

डोकं दुखत नाही, काही नाही. वाटलं होतं काहीतरी होईल.

माणिकरावांनी कालचे फोटो दौऱ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेत. गोठा, पूल, घड्याळ – आणि मी. हातात ग्लास, तोंड उघडं, डोळे मिटलेले, हसतेय. मला मीच ओळखू आले नाही. म्हणाले, "काढा तो." ते म्हणाले, "अहो, लई चांगला आलाय! ग्रुपमदी आपलीच मानसं." तरी काढतो म्हणाले.

त्या ग्रुपमध्ये संघाचे सगळे आहेत. जिल्ह्याचे.

त्याच दिवशी, संध्याकाळ

केशरबाईचा निरोप. तहसीलचं पत्र आलंय. बाटलीचं मतदान रविवारी. आठ मे!

रविवारी! मी दहाला उतरणार. मेअखेर म्हणाले होते!

धावत माणिकरावांकडं. मला लवकर पाठवा. त्यांनी खरंच प्रयत्न केला, खोटं बोलणार नाही. अर्धा तास फोन. मग म्हणाले, "ताई, गटाचं तिकीट हाय. एकटीचं बदलत न्हाई. नवीन काढायचं तर तुमच्या चार म्हशींची किंमत." मला एकच म्हैस आहे.

नियम असा, की गावातल्या सगळ्या बाया धरायच्या, आलेल्या-न आलेल्या सगळ्या. त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तरच दुकान बंद. न आलेली बाई उभ्या बाटलीतच जमा. म्हणजे मी पण!

दुकान चालू ठेवण्यात माझं पहिलं मत पडलं.

६ मे

फोटो गावात गेला.

कसा ते विचारून उपयोग नाही. संघाच्या ग्रुपमधून कुणी कुणाला, कुणी कुणाला. केशरबाईनं सांगितलं, "पार चावडीवर बघालेत. दुकानवाल्यानं मोठा करून दुकानापुढं लावलाय. खाली लिवलंय – 'ताई स्वतः पितात, आमाला आडवं करतात.'"

मी विचारलं, बाया काय म्हणतात?

"काय म्हनतील. गप हायत."

"आन तू?"

"तू कावून पिलीस सिंधू?"

चव बघायची होती, असं म्हणाले. हे वाक्य इथं झाडाखाली खरं होतं. फोनवर, आमच्या गावात पोचेपर्यंत, लबाड झालं.

७ मे

एका मेणबत्तीच्या कारखान्यात नेलं. काय बघितलं आठवत नाही.

आत्यांशी बोलायला केशरबाईला त्यांच्याकडं पाठवलं. आत्या फोनवर नेहमी ओरडून बोलतात, आज हळू. मी म्हणाले, आत्या, चुकले. तुम्ही माझ्याबरोबर उन्हात फिरलात आणि मी हे केलं. बायांना सांगा, माझ्यावर राग काढा, मतावर काढू नका.

त्या म्हणाल्या, "काय न्हाई हुत. तू नीट ये. थंडीचं सांभाळ."

एवढंच! एक शब्द टाकून बोलल्या नाहीत. अशी सासू कुणाला मिळते? फोन ठेवून लई रडले. शहजादीनं पाठीवर हात ठेवला. तिला माझ्या फोटोच्या कडेला अर्धी कापलीय, तरी उमापूरहून तिलाही फोन आले. मला आत्ता कळलं. तिनं सांगितलंच नव्हतं.

८ मे, रविवार

सकाळपासून फोन हातात. इथं आणि तिथं साडेतीन तासांचा फरक. सगळ्या किल्ला बघायला गेल्या, मी होस्टेलच्या पायऱ्यांवर बसले, तिथंच वायफाय चांगलं लागतं.

सकाळी सात (घरी साडेदहा) – केशरबाई : शाळेत मतदान. रांग बरी हाय. ऊन लई.

आठ – फोटो लावलाय तो पोलिसांनी काढायला लावला. पण सगळ्यांनी बघितला.

नऊ – टँकर आला! नेमका आज, आत्ता! पाच दिवसांनी! रांगेतल्या निम्म्या बाया घागरी आणायला पळाल्या. मी लिहिलं, त्यांना सांग मत देऊन जा. उत्तर आलं – कुनाला सांगू? मी पण घागर लावून आलेय. आता परत रांगेत. आत्या आन बायना बी संगट हायत.

साडेदहा – आमच्या तिघींचं झालं.

मग किती तरी वेळ काही नाही. एक म्हातारा शेजारच्या पायरीवर बसून सँडविच खात होता. अर्धं माझ्यापुढं केलं. मी कशी दिसत असेन!

दुपारी साडेतीन – बायका एकूण सहाशे बारा. पाहिजे होत्या तीनशे सात. आडव्या बाटलीला तीनशे.

सात कमी.

सात!

९ मे

विमानातल्या बाईनं विचारलं, काय घेणार? पाणी म्हणाले. इथं फुकट दिलं.

११ मे

वडवणीला, आमच्या तालुक्याच्या गावी, एसटीतून उतरले तर स्टँडवर बन्सी. दाढी केलेली. शुद्धीत! पिशवी घेतली माझ्या हातातली. घर येईपर्यंत एक शब्द नाही. मी वाट बघत होते – आता बोलेल, आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

दुकान उघडं. पुढं माणसं. एक जण म्हणाला, "ताई आल्या! येऊ द्या का येक?" बन्सीनं त्याच्याकडं बघितलं पण नाही.

आत्यांनी भाकरी करून ठेवली होती. पाया पडले तर पटकन उठून आत गेल्या.

१२ मे

जेवताना बन्सी म्हणाला, "कसली हुती?"

"कडू."

"मग हासलीस कावून?"

काय सांगू? तुझ्यावर हसले? माझ्यावर? मी म्हणाले, "अशीच."

तो ताटात बघत म्हणाला, "केशरच्या फोनात चारदा बघितला मी. लग्नाला बावीस वर्सं झाली. तू अशी हासल्याली मला ठावं न्हाई."

मी हातातली भाकरी ताटात ठेवली.

मग उठून हात धुतला आणि म्हणाला, "आता तू मला बोलायचं न्हाई. कळलं कावून जातो ते?" आणि गेला. चार दिवस नव्हता गेला म्हणे. आज गेला.

मला कळलं होतं. तेच तर. आता मी त्याला काय तोंडानं अडवू? आधी नुसता राग होता, तो बरा होता. रागाला धरून उभं राहता येत होतं.

१५ मे

आज सकाळी दूध घालायला आलेल्या बायांना थांबवून घेतलं. ठरवून बोलले. मी तिकडं बियर पिले, कुणी पाजली नाही. माझ्यामुळं दुकान राहिलं. सात मतं माझ्यामुळं गेली. मला माफ करा.

किटल्यांचा आवाज फक्त. मग केशरबाई एकदम रडायला लागली. "तू कावून माफी मागतीस? नको मागू! सिंधू, नको ना मागू!" बायनाबाई किटलीचं झाकण उघडत होती, लावत होती. म्हणाली, "जाऊ दी आता. झालं ते झालं."

माझी केवढी लाज वाटली असेल त्यांना! चारचौघींत मान खाली घालायला लावली मी त्यांना.

१६ मे

बेचाळीस लिटर.

१८ मे

सचिवपदाचा राजीनामा लिहिला. केशरबाईच्या हातात दिला. घेईना. खिडकीत ठेवून आले.

माणिकरावांचा फोन – वही पाठवा. मी म्हणाले, पुढची पानं उतरवून पाठवते.

१९ मे

दुपारी बन्सी दुकानापुढं पडला. उन्हात. शेजारचे फकीरभाई, पंक्चरवाले, त्यांनी हाक मारली. मी आणि आत्या गेलो, दोघींनी काखेत धरून आणलं. पाच मिनिटं पण लागली नाहीत. आत्या एरवी वाटभर शिव्या देतात त्याला. आज देत नव्हत्या. घरी आणून सावलीत निजवला, डोक्यावर ओला फडका ठेवला. आपल्या प्यायच्या पाण्यातला.

२१ मे

बुद्ध पौर्णिमा. विहारात पाचव्या शीलाला माझा आवाज निघाला नाही. शेजारी आत्या, त्या पण गप्प. वाटलं, माझ्यासाठी गप्प राहिल्या.

२३ मे, सोमवार

सकाळी टँकर आला. घागरी उतरवून ठेवताना आत्या म्हणाल्या, "सिंधू, राजीनामा मागं घे. तुज्या फोटूमुळं न्हाई ऱ्हायलं दुकान."

मग उभ्या उभ्या सांगून टाकलं. मत त्यांनी उभ्या बाटलीवर मारलं. "सटवा कसा गेला इसरलीस? आपल्या गावातलं दुकान सा म्हैने बंद हुतं तवा. वडवणीहून पिऊन येताना ट्रकखाली. हे बंद झालं की बन्सी बी वडवणीलाच जाईल. हितं पडला तर हाक तरी ऐकू येती. तू जायच्या आदीपासनं मनात हुतं माज्या. दारोदार तुज्यासंगं फिरले, तवाबी हुतं."

सटवा म्हणजे त्यांचा थोरला, माझे दीर. त्यांचं मरण मी प्रत्येक दारात सांगितलं होतं, दुकान बंद करायचं कारण म्हणून. आत्या शेजारीच उभ्या असायच्या.

मी विचारलं, "तुमी एकट्याच?"

म्हणाल्या, "कुनी कुनाला इचारलं न्हाई. पर रांगेत माज्याम्होरं केशर हुती, मागं बायना. तिघी भायेर आलो आन एकमेकींकडं बघितलं न्हाई."